सयाजीची मिरवणूक

लंडनहून सयाजीचं पाकीट आलं की त्याची आई राहीबाई ते वाचून घ्यायला कृष्णातकडं यायची. माधवनगरच्या गिरणीत कारकुनी करणारा कृष्णात तिच्या लेकाचा दोस्त. सयाजी फिटर होता तेव्हा दोघं एकाच खोलीत राहायचे. नऊ वर्षांपूर्वी तो विलायतेला गेला आणि दुसऱ्या वर्षी कृष्णातनं घरच्यांच्या मर्जीनं विजयमालाशी लग्न केलं. त्या खोलीबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात आलेल्या पाकिटात आईच्या पत्राआड एक वेगळा कागद निघाला. वर लिहिलं होतं, 'हे आईला वाचू नकोस.' कृष्णातनं तो मुठीत दाबला. राहीबाईला खुशाली वाचून दाखवली, ती गेल्यावर परसात जाऊन कागद उघडला.

'कृष्णा, पुरुषांवर जीव जडलेल्या आमच्यासारख्या पुरुषांची इथं दरसाल मिरवणूक निघते. भर दुपारी, मोठ्या रस्त्यानं. यंदा मीही चाललो. लोक दोन्ही बाजूंनी थुंकत होते. एकानं बाटली मारली, कानामागं सात टाके पडले. पोलीस बघत उभे होते. पण गड्या, तेवढे दोन तास मी कुणाला भ्यालो नाही. तू असायला हवा होतास.'

त्यानं कागद चुलीत घातला.

महिन्याभरानं सयाजीचा थोरला भाऊ धोंडिराम यानं कृष्णातला घरी बोलावून घेतलं. धोंडिराम पलटणीतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेला. किराणा दुकानवाल्या तात्याबाचा भाचा लंडनला होता. त्यानं त्या मिरवणुकीत सयाजीला डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तसं मामाला कळवलं होतं.

"गावात त्वांड दावायची सोय ऱ्हायली न्हाई," धोंडिराम म्हणाला. "दोस्त तुझा. तुला काय ठावं हुतं का रं?"

सात टाके पडल्यात त्याला, एवढं तरी सांगावं असं कृष्णातच्या ओठांवर आलं. पण ते सांगायचं तर कुठून कळलं तेही सांगावं लागलं असतं.

"न्हाई, दादा."

"मग लिव. इंग्रजी पत्ता तूच घालतोस, पत्र बी तूच लिव. म्हणावं, तू आमाला मेलास. आईला पत्र धाडू नगंस, हिकडं पाय ठिवू नगंस."

"दादा, येकडाव त्याला इचारून तर..."

"लिव म्हनलं न्हवं!"

कृष्णातनं लिहिलं. त्याचं अक्षर सयाजीला लय आवडायचं. एक शब्दसुद्धा बदलता येईना, कारण धोंडिराम खांद्यावरून एकेक अक्षर लावत वाचत होता.

आतून राहीबाई जोंधळे पाखडायचं थांबवून बाहेर आली. "सयाला लिवताय व्हय? दिवाळीला ये म्हणावं. एवढं माझं बी घाल की रं."

कृष्णातनं वर पाहिलं. धोंडिरामनं मानेनंच 'नको' म्हटलं. कृष्णातनं टोपण घातलेलं पेन कागदावरून फिरवलं. "घातलं, मावशी."

पत्र धोंडिरामनं स्वतः पेटीत टाकलं.

त्या आठवड्यात कृष्णातनं गिरणीत बसून सयाजीला चार पत्रं लिहिली. तीन फाडली, चौथं पेटीत टाकलं. 'ते अक्षर माझं होतं, मन नव्हतं,' एवढंच त्यात धड जमलं होतं. पौषात ते परत आलं. माणूस इथं राहत नाही, कुठं गेला माहीत नाही, असा इंग्रजीत शेरा होता. दुसरा पत्ता कुणाकडंच नव्हता.

संक्रांतीला राहीबाई तिळगूळ घेऊन आली. "दिवाळी गेली, सया आला न्हाई. पत्तुर बी न्हाई. तुला तरी काय लिवलं का रं त्यानं?"

"न्हाई, मावशी."

"आजारी तर न्हाई न्हवं?"

विजयमालानं चहा पुढं ठेवला. कृष्णातला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारावं तेही माहीत नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला, "बरा असंल."