एनेलेसी आजीची भरलेली कणगी

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या चुलीवर काय शिजतं ते बघायला मलाच पाठवतात. लोफिना खोटं लिहीत नाही, असा माझा लौकिक. त्याचा मला भारी तोरा होता. जळो तो तोरा.

यंदा पावसाने दगा दिला, मका उभ्या उभ्या वाळला. मदत कुणाला हवी याची यादी करत मी घरोघर फिरले. शेवटचं घर एनेलेसी आजीचं. एकटी विधवा बाई, पण कणगी ज्वारीने गच्च.

"लिही, घरात काही नाही म्हणून," आजी म्हणाली.

"आजी, तुझं काय अडलंय? ज्यांच्याकडे न्सिमाचा गोळा रांधायला मक्याचं पीठ नाही त्यांच्यासाठी आहे हे."

"दाणासुद्धा देऊ नका गं मला. नुसतं लिही. रविवारी यादी सगळ्यांसमोर वाचतात ना? म्हातारी, एकटी, आणि पोट भरलेली. कळतंय का तुला?"

कळत होतं. गेल्या साली पलीकडच्या गावात अशाच एका म्हातारीला चेटकीण ठरवून तिचं घर जाळलं होतं. तरी मी लिहिलं, गरज नाही, कणगी भरलेली. सगळ्यांनी मका लावला तेव्हा आजीने ओढ्याकाठी ज्वारी पेरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण कारण लिहायला कागदावर रकानाच नव्हता.

रविवारी उपासनेनंतर वडीलमंडळाच्या कामवेंडोंनी यादी वाचली. आजीचं नाव आलं आणि बाकांवरचं खोकणंसुद्धा थांबलं. डाइलेसीचं तान्हं मे महिन्यात गेलेलं. ती बसल्या जागेवरून हळू म्हणाली, "आम्ही खड्डा खणला, हिने कणगी भरली." तिला कुणी गप्प केलं नाही. मी उठून ज्वारीचं सांगायला हवं होतं. नाही उठले.

दुपारी आजी माझ्या दारात, डोक्यावर ज्वारीचं टोपलं. "घे पटकन. आज तुझ्या घरी शिजव, मग बाकीच्यांना वाट. तू खाल्लीस तर सगळे खातील. तुझं ऐकतात."

मागे आंब्याखाली डाइलेसीचा नवरा आणि चार गडी उभे होते, अजून रविवारच्याच शर्टात. आत माझी लेक कालपासून तापाने फणफणत होती.

मी हात पुढे केला. ज्वारी कुठे पिकली ते मला ठाऊक होतं, तरी हात टोपल्याला लागेना.

"तूसुद्धा, लोफिना?" आजी म्हणाली.

तिने टोपलं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि आंब्याच्या वाटेने घरी निघाली. मी दार लावून घेतलं.