हद्दीबाहेरचा कचरा

अगुनी गावाच्या प्रत्येक वळणावर पाच रंगांच्या पेट्या मांडल्या होत्या. कागदाला निळी, काचेला हिरवी, प्लॅस्टिकला पिवळी, शिळ्या पावाला तपकिरी आणि उरल्यासुरल्याला करडी. बायका निमूटपणे सगळं वेगवेगळं करून टाकत. संध्याकाळी स्वयंसेवकांची गाडी येई आणि पाचही पेट्या एकाच हौद्यात उपड्या होत. देहबिया हे रोज खिडकीतून बघायची. कडेवर लेक सिलिया असायची, कारण दीड वर्षाची ती पोर हल्ली खाली ठेवली की कण्हायची.

नगरपालिकेची कचरागाडी वसंतातच बंद पडली होती. पण अगुनीच्या समितीला अशा क्षुल्लक गोष्टींची काय तमा. डोंगरातल्या गावांची स्वच्छतेची स्पर्धा होती, आणि मागच्या साली शेजारच्या आयत-हमूने पहिला नंबर मारला होता. तेव्हापासून समितीतल्या पुरुषांना अन्न गोड लागत नव्हतं. त्यांनी नारिंगी जाकिटं शिवून घेतली, झाडांच्या बुंध्यांना चुना फासला आणि गावाचा सगळा कचरा वरच्या ओहोळात नेऊन ओतायला सुरुवात केली. ओहोळ आयत-हमूच्या हद्दीत येत होता. म्हणजे आपलं गाव लख्ख आणि त्यांच्या दारात घाण. एवढी हुशारी अगुनीत पिढ्यान् पिढ्या कुणाला सुचली नसेल. त्याच ओहोळाच्या पोटातून अगुनीचा झरा येतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"पाणी उकळून दे," दवाखान्यातली नर्स फरूजा सिलियाचं पोट चाचपत म्हणाली. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "अर्ध्या गावाची पोरं येऊन गेलीत माझ्याकडे. पण मी बोलले असं कुठे म्हणू नकोस बाई. समिती मला इथे टिकू द्यायची नाही."

देहबिया उकळत होती. पण घरात सासू होती, लल्ला वर्दिया. "उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी," ती म्हणायची. "माझी सात पोरं ह्याच झऱ्यावर पोसली. सातही घोड्यासारखी आहेत." आणि देहबियाची पाठ वळली की नातीच्या तोंडाला माठातलं पाणी लावायची. नवरा दूर वाळवंटात, तेलाच्या विहिरींवर. फोनवर तो म्हणाला, "आईशी भांडू नकोस." भांडून उपयोगही नव्हता. चोवीस तास पहारा कोण देणार? झराच बंद व्हायला हवा होता.

ती समितीच्या अध्यक्षांकडे गेली. दा बेलाइद म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना 'दा' म्हणत. वाटेकडेच्या दगडांना पांढरा रंग देणाऱ्या पोरांवर ते देखरेख करत उभे होते.

"दा बेलाइद, जरा बोलायचं होतं."

"बोल पोरी. ओल्या रंगावर पाय नको देऊस."

"गाडी कचरा ओहोळात टाकते. आपल्या झऱ्याच्या डोक्यावर."

"ओहोळ आपला नाही. नकाशा दाखवू का?"

"पाणी नकाशा बघून खाली येतं का?"

रंग देणारा एक जण फिसकन हसला. दा बेलाइदांनी त्याच्याकडे बघितल्यावर तो पुन्हा दगडाकडे वळला.

"कॉलेजात गेलेल्या सुनांचं हे असंच," ते म्हणाले. "पोरीला दात यायला लागले की झऱ्याचा दोष."

"दात कधीच आले तिला. मशिदीच्या भोंग्यावरून एकदा सांगा सगळ्यांना, पाणी उकळून प्या म्हणून. बाकी काही नको."

"आणि परीक्षकांच्या कानावर जाऊ दे? शनिवारी येताहेत ते. शनिवार पार पडू दे, मग बघू." मग त्यांना काहीतरी सुचलं. "बरं झालं आलीस. पाहुण्यांना झऱ्याचं पाणी द्यायला नीट बोलणारी कुणीतरी हवीच आहे. लग्नातला झगा घाल. चांदीचे दागिनेही."

तिच्या ओठांवर नकार आला होता. पण परतताना तिने दा बेलाइदांच्या दारात बघितलं. बाटलीबंद पाण्याचे गठ्ठे, ओळीने रचलेले, आणि त्यांची सून ते एकेक आत ओढत होती. म्हणजे ह्या माणसाला माहीत होतं. स्वतःच्या नातवंडांपुरतं त्याने बघून घेतलं होतं. देहबियाने घरी जाऊन झगा बाहेर काढला.

शनिवारी तीन परीक्षक चढ चढून आले. त्यातली जाडशी बाई धापा टाकत होती. पेट्यांचे पाच रंग बघून तिने मान डोलावली. बायकांनी जिभा झरझर हलवून स्वागताच्या आरोळ्या दिल्या. झऱ्यापाशी जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या होत्या आणि तिथे देहबिया तबक घेऊन उभी होती.

तिने पहिला पेला दा बेलाइदांपुढे धरला.

"आधी पाहुण्यांना, पोरी."

"घरच्या माणसाने प्यायल्यावर पाहुण्याला भरवसा येतो."

त्यांनी पेला घेतला आणि भाषण सुरू केलं. वाडवडील, डोंगर, बर्फाचं पाणी, स्वयंसेवकांचा घाम. पेला हातात डुचमळत राहिला.

"प्या ना," देहबिया म्हणाली. "की दुकानातल्या पाण्याने सवय मोडली?"

"अरे बेलाइद," मागून म्हातारा अक्ली ओरडला, "तुझ्या तोंडाला कुलूप लागलेलं मी आजच बघतोय. घोट घे की."

माणसं हसली. दा बेलाइदही हसले. पेला ओठांपर्यंत नेला, तिथे थांबले आणि मग खाली वाकून सगळं पाणी जिरेनियमला घातलं.

"उन्हाने रोप सुकलंय," ते म्हणाले.

अख्खं गाव ते रोप बघत होतं. सकाळीच दोनदा पाणी घातलेलं, टवटवीत. जाडशा बाईने तबकातून उचललेला पेला तसाच परत ठेवला.

"हे पाणी येतं कुठून?"

"वरून," देहबिया म्हणाली. "चला, दाखवते."

"ती हद्द आमची नाही, बाई," दा बेलाइद मागून येत म्हणत राहिले. "नकाशावर स्पष्ट आहे." वळण यायच्या आतच वास आला. बाईने नाकाला रुमाल लावला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पेट्यांचे रंग मात्र छान निवडलेत तुम्ही."

परीक्षकांच्या सांगण्यावरून झरा त्याच दुपारी बंद झाला. बक्षीस पुन्हा आयत-हमूला गेलं. लल्ला वर्दिया सुनेशी बोलेना. झऱ्याला कुलूप लागल्यामुळे माठ मात्र रिकामा होता.

सोमवारी नगरपालिकेचा टँकर आला. बायकांनी देहबियाला रांगेत जागा दिली, पण बोललं कुणी नाही. दा बेलाइद नारिंगी जाकीट घालून टँकरच्या पायरीवर चढले होते, पोरं त्यांचे फोटो काढत होती. खाली फलक होता: झरा वाचवा मोहीम.

"देहबिया, पोरी," ते मोठ्या मनाने म्हणाले, "ये, तूही ये फोटोत. झालं गेलं विसरून जाऊ."

तिने सिलियाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कॅन नळाखाली सरकवला.

"पाय काढा तिथून, दा बेलाइद," ती म्हणाली. "पाणी सांडतंय."