सेवाज्येष्ठतेनुसार मेमरी

परीक्षा दोनला होती आणि पावणेबाराला अकोल्याहून कुलदीपचा फोन आला. "दामिनी, लिंक उघडून नाही राहिली. साडेतीनशे पोरी येऊन बसतीन आता. काय सांगू त्याईले?"

कुलदीप आमच्या संस्थेच्या अकोल्यातल्या नर्सिंग कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळतो, मी अमरावतीच्या मुख्य कार्यालयातला सर्व्हर. दोघंही सहा वर्षांपासून कंत्राटी. अध्यक्ष किसनरावांनी साफ सांगितलं होतं: ही ऑनलाइन परीक्षा नीट पार पडली तर दोघांना कायम करू, नाहीतर महिनाअखेर नमस्कार.

आमचा सर्व्हर म्हणजे एकच मोठं मशीन. त्याच्या पोटात अकरा आभासी मशीन चालतात, प्रत्येक विभागाचं एक. मेमरी सगळ्यांची मिळून दोनशे छप्पन्न जीबी. त्यातली परीक्षा विभागाच्या वाट्याला आठ. आठात साडेतीनशे पोरी मावणं शक्य नव्हतं, म्हणून सकाळी मी त्याचे चोवीस केले, तर मशीन सुरूच होईना. पडद्यावर लाल अक्षरांत एकच पाढा: मेमरी अपुरी. आणि गंमत अशी, की प्रत्यक्षात सगळे मिळून नव्वदच्या वर कधी वापरतच नव्हते. आड काठोकाठ भरलेला आणि पोहरा कोरडा!

कारण मला माहीत होतं. कोणाला किती मेमरी द्यायची हा विषय मागच्या वर्षी मासिक सभेत निघाला होता. मी म्हटलं, कामानुसार देऊ. लहान लेकरू बोलल्यासारखे सगळे कौतुकानं हसले. मग आस्थापना विभागाच्या शेखर सरांनी सेवाज्येष्ठता यादी काढली आणि वरून खाली वाटप केलं. ग्रंथालयाच्या रागिणी मॅडम सर्वांत ज्येष्ठ, म्हणून त्यांना चौसष्ट. दिवसाकाठी चार माणसं पुस्तकांची यादी उघडतात, त्यासाठी चौसष्ट! परीक्षा विभागाचे किशोर सर सगळ्यांत नवे, त्यांना आठ. वर प्रत्येकानं 'राखीव' अशी खूण करून घेतली, म्हणजे वापरा न वापरा, ती मेमरी दुसऱ्याला मिळणार नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. फक्त इथले रुमालवाले गाडीत बसायला येतच नव्हते.

मी रागिणी मॅडमकडे गेले. "मॅडम, तीन तासांसाठी सोळा जीबी द्या. पोरींच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"काहून? माह्यातूनच काहून? अठ्ठावीस वर्षं झाली मले इथं. तो शेखर अठ्ठेचाळीस घेऊन बसला, त्याले माग न!"

शेखर सर म्हणाले, "माहे कमी केले तर अकाउंटवाले उद्या माह्या डोक्यावर बसतीन. अध्यक्षाईची सही आन." अध्यक्ष परतवाड्याला लग्नात होते आणि त्यांचा फोन बंद होता.

माझं डोकंच फिरलं. पण तेवढ्यात एक वाजला आणि डबे उघडले. एक ते दोन आमच्या ऑफिसात छत कोसळलं तरी कोणी हातातला घास खाली ठेवत नाही. मी एकेक मशीन बंद केलं, 'राखीव'ची खूण काढली, पुन्हा चालू केलं. आकडे मात्र होते तसेच ठेवले. मॅडमच्या नावापुढे चौसष्ट, सरांच्या नावापुढे अठ्ठेचाळीस, मान शाबूत. पावणेदोनला परीक्षेचं मशीन सुरू झालं. तीन तासांत एकही पोरगी अडकली नाही. "जमलं बाप्पा!" असं कुलदीप फोनवर ओरडला आणि मी चक्क रडले.

कोणाला पत्ता लागला नाही. पुढच्या सभेत रागिणी मॅडम तर म्हणाल्या, "चौसष्ट हायेत म्हनून माहं मशीन पाहा कसं पयते!"

किसनरावांनी शब्द पाळला. मंगळवारी कुलदीपचा आदेश निघाला. माझा टाइप व्हायच्या आत शेखर सर घरी गेले, म्हणून तो बुधवारी निघाला. नवी सेवाज्येष्ठता यादी लागली. खालून दुसरा कुलदीप, शेवटची मी. यादीसोबत नवं मेमरीवाटप. कायम झालो म्हणून आता आमच्याही नावावर एकेक मशीन: कुलदीपच्या मशीनला आठ, माझ्या मशीनला चार.

माझ्या मशीनला दोनसुद्धा लागत नाहीत. हे त्या इमारतीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. आणि लागले असते तरी चाराचे आठ करायला दोन क्लिक पुरे होत्या, कोणाला विचारायची गरज नव्हती. पण मला ते यादीत हवं होतं, कागदावर, सहीशिक्क्यासकट. कुलदीपच्या खाली? एका दिवसानं? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुपारी डबा न उघडताच मी अर्ज घेऊन शेखर सरांच्या टेबलापुढे उभी राहिले.

"सर, मले बी आठ पायजेत," मी म्हटलं. "आन राखीव."

सरांनी अर्ज शांतपणे वाचला, आवक शिक्का मारला आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची पुढे केली.