बिनविरोध

बेबीबाईंनी सुनेच्या आधीच बेल दाबली.

"आई, थांबा ना," प्रियदर्शिनी म्हणाली. एका हातात पत्रकांचा गठ्ठा, दुसऱ्याने ती ओढणी सारखी करत होती. "हे मिस्टर कोहंचं घर आहे. मी त्यांच्याच विरुद्ध उभी आहे."

"मंग तं इथंच पयले याले पाह्यजे होतं," म्हणत बेबीबाईंनी पुन्हा बेल दाबली.

बुकित बातोकच्या त्या कॉन्डोच्या, म्हणजे गृहसंकुलाच्या, कमिटीत सिक्युरिटीसाठी एक जागा होती. गेट, कॅमेरे, पहारेकरी, सगळं त्या एका माणसाच्या हाती. कोह पोलिसातून निवृत्त झाल्यापासून ती त्यांच्याकडेच होती. प्रियदर्शिनीच्या डोक्यात निवडणूक शिरली ती सासूमुळे. एका नव्या पहारेकऱ्याने पोहण्याच्या तलावाच्या काठी बसलेल्या बेबीबाईंना विचारलं होतं, तुम्ही कोणत्या घरी कामाला आहात. बेबीबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी हसून त्याला जय भीम केला. सुनेला मात्र कळलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि सकाळी म्हणाली, मी उभी राहते.

नरेश, तिचा नवरा, म्हणाला की चांगी बिझनेस पार्कमधली नोकरी सांभाळून हे लचांड कशाला. त्याला बेबीबाईंनीच गप्प केलं. त्यांच्या आजेसासऱ्यांनी अकोल्याकडच्या एका गावाची वेस जन्मभर राखली होती आणि दारोदार भाकर मागून खाल्ली होती. त्याच घरातली सून आता वेशीवर हुकूम करणार, हे काय लहानसहान झालं? तेव्हापासून त्या तिला फौजदारीणबाई म्हणत.

प्रचाराला दुपारपासून दोघी निघाल्या होत्या. सुनेने छोटंसं भाषण पाठ केलं होतं. दारात उभं राहून म्हणायचं, पत्रक द्यायचं आणि पुढे जायचं. बेबीबाईंना ते बघवेना. गावाकडे मतं मागणारे त्यांच्या वस्तीत आले की निंबाखालीच उभे राहत, हात जोडत आणि पाण्याला हात न लावता जात. म्हणून बेबीबाईंचा नेम पक्का होता: दारावरून मत मागायचं नाही. चपला काढायच्या, आत जायचं, पाणी मागून प्यायचं, मग काय ते बोलायचं. पुण्याची नीता दारातूनच ऑल द बेस्ट म्हणून कडी लावायला निघाली होती. बेबीबाईंनी पाणी मागितलं, तर पाण्यासोबत चकल्या आल्या, आणि नीताच्या सासूच्या गुडघ्यांची सगळी कहाणीही. वरच्या मजल्यावर एक मलय आजी भेटली. ती मलयमध्ये बोलली, ह्या हिंदीत बोलल्या, आणि दोघींचं एकमत झालं. प्रियदर्शिनी तेवढा वेळ घड्याळ बघत होती.

दार उघडलं. कोह हडकुळे, उंच. हाफपँट, वर इस्त्रीचा शर्ट. पत्रकावरचा फोटो आणि समोरची बाई त्यांनी एकदा ताडून पाहिली आणि ते हसले. तोवर बेबीबाई आत जाऊन बसल्याही होत्या आणि अंगठा ओठांशी नेऊन पाणी मागत होत्या. कोहंनी जवाचं गार सरबत आणलं.

प्रियदर्शिनीने भाषण सुरू केलं आणि मधेच अडखळली, कारण पुढे सगळं त्यांच्याच कारभाराबद्दल होतं. मागच्या गेटचा बंद दिवा, उर्मट पहारेकरी. पूर्ण कर, मला ऐकायचं आहे, असं कोह म्हणाले. तिने पूर्ण केलं. दिव्याचं त्यांनी कबूल केलं. मग ते बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले.

"काय म्हणून राह्यले ते?" बेबीबाईंनी विचारलं.

"काही नाही. चांगलं काम कर म्हणतात."

"एवढं लांबलचक बोलले अन् एवढंसंच निघालं त्यातून?"

प्रियदर्शिनीने ग्लास खाली ठेवला. मग तिने सांगितलं. सभेत उमेदवाराच्या पाठिंब्याला दुसऱ्या एका घराने हात वर करावा लागतो, नाहीतर नाव घेत नाहीत. दर वेळी त्यांचे शेजारी हात वर करायचे. ते पर्थला मुलाकडे राहायला गेले. यंदा कोहंनी आणखी एक-दोघांना विचारलं, पण ते म्हणाले, आम्ही त्या नव्या बाईंना शब्द दिलाय. म्हणून त्यांनी नाद सोडला होता.

"म्हणजे मी बिनविरोध, आई."

"घ्या," बेबीबाई म्हणाल्या आणि उरलेलं सरबत एका दमात संपवलं. "फत्ते झाली."

लिफ्टमध्ये त्या खुशीत होत्या. पेढे कुठून आणायचे ते ठरवत होत्या. सून उरलेली पत्रकं सारखी करत होती.

"आई, तुमच्या गावात बिनविरोध कोण यायचं?"

"पाटील. दुसरं कोण? त्याच्याम्होरं उभं राह्याची छाती कोणाची होती?" त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "ते येगळं होतं वं."



पुढच्या रविवारी खालच्या हॉलमध्ये सभा भरली. बेबीबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी नरेश फोन सरसावून. कॉन्डोच्या मॅनेजरने प्रियदर्शिनीचं नाव वाचलं, नीताने हात वर केला, टाळ्या पडल्या. आणखी कोणी, असं त्याने उगाच रीत म्हणून विचारलं. कोह मागे खिडकीपाशी होते. त्यांनी खुर्ची सावरली, पण ते उठले नाहीत.

प्रियदर्शिनी उठली. तिने कोहंचं नाव घेतलं आणि स्वतःचाच हात वर केला.

हॉलमध्ये कुजबुज झाली. नरेशने फोन खाली घेतला. मॅनेजर म्हणाला, तुम्ही तर स्वतः उभ्या आहात. तिने विचारलं, तसं करायला मनाई आहे का? तो कागद चाळू लागला.

बेबीबाईंना इंग्रजी समजत नव्हतं, पण कोहंचं नाव कळलं आणि हात दिसला. "हात खाली घे वं," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. "आपलं होतं नव्हतं ते घालवते का?"

सुनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हात वरच होता.

"येडी हाये ही पोट्टी," बेबीबाई नरेशला म्हणाल्या. पदर खांद्यावर नीट घेतला, आणि त्यांनीही हात वर केला.

"आई, तुला मत नाही इथे," नरेश कुजबुजला.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या, आणि हात आणखी वर नेला.