ताळेबंदात न दिसलेलं खातं

मी एक जुनी हिशेबाची फाइल आहे, मित्रांनो, पण मला ना पुठ्ठा, ना नाडी. एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात मी साध्या अक्षरांच्या ओळी होऊन राहते.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिराने मला जन्म दिला. त्यांची बायको वारली, लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा घरात सोबतीला उरले ती मीच. रोज संध्याकाळी ते दोन बोटांनी टाइप करत: तारीख, दूध, औषध, पैसे कुठून निघाले, कुठे गेले. मग काळ्या पडद्यावर एक आज्ञा लिहीत आणि प्रोग्रॅम माझी बेरीज करून ताळेबंद दाखवी. पै न् पै जुळली की ते म्हणत, "शाब्बास गं!" मी फुगून जाई.

दर वर्षाच्या पहिल्या दिवशी ते बँकेतली थोडी रक्कम 'लेकीकडे जाणे' या खात्यात टाकत. लेक फोनवर म्हणे, "या ना बाबा, कधीतरी." पण तारीख ती कधी सांगत नसे, आणि माझ्यात तारखेशिवाय प्रवासाची नोंद होत नाही. वर्षअखेरीस ते ती रक्कम मुकाट्याने बँकेत परत फिरवत. खातं शून्य होई, आणि शून्य झालेलं खातं ताळेबंदात दिसतच नाही. असं सहा वर्षं चाललं. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला?

पुढे त्यांची नजर अधू झाली. जन्मभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून काचा घासल्या, आणि आता त्यांनाच माझ्या ओळी दिसेनात. चार महिने मला कुणी उघडलं नाही. फार एकटं वाटलं.

मग लेक दोन दिवसांसाठी आली. तिने ताळेबंद काढून पाहिला.

"बाबा, लिहिलंय तिथवर हिशेब अगदी चोख आहे. मी उद्या निघते हं."

"नीघ बाई. माझं काय, चाललंय. आजचं दूध तेवढं लिहून ठेव."

दूध लिहायला तिने मला उघडलं. माझी शेवटची ओळ शोधत ती खाली येऊ लागली, आणि मध्येच थांबली. 'लेकीकडे जाणे'. पुन्हा थोडं खाली, पुन्हा तेच. सहा वेळा ठेवलेले, सहा वेळा परत फिरवलेले पैसे. माझा जीव टांगणीला लागला होता.

"बाबा, हे मला कधी बोलला नाहीत?"

"तू तारीख कुठं दिलीस?"

तिने डोळे पुसले. दूध राहिलं बाजूला. तिने उद्याची तारीख घातली आणि लिहिलं: प्रवास, तिकिटं दोन.

ते दोघे गेले. कॉम्प्युटरवर आता चादर आहे. मी सुखावले, खोटं कशाला बोलू. पण करमत नाही. मित्रांनो, आपल्या माणसांची नुसती बेरीज पाहून निघू नका, ओळ न् ओळ वाचा. आणि कुणाला 'या' म्हणाल, तेव्हा तारीखही सांगा.

माझी शेवटची ओळ त्या तिकिटांची आहे. परतीची तारीख कुणी लिहिलेली नाही.