फोटोला वास नसतो

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, शिंप्याच्या दुकानातला. चौकातल्या पुतळ्याला डोकं असतं आणि त्यावर कावळे बसतात. मला डोकंच नाही, हातही नाहीत. मानेपासून कमरेखालपर्यंतचं एक धड आणि त्याखाली लाकडी दांडा, एवढाच माझा जामानिमा. पण अंगावर काय चढवलंय ते मला नेमकं कळतं. सुती कळतं, रेशमी कळतं, घाईत काढायची राहून गेलेली टाचणी तर फारच कळते. एकदा माझ्या अंगावर जे चढवलं गेलं, त्याची किळस अजून गेलेली नाही. तीच हकिगत सांगायला मी आज तुमच्यापुढे उभा आहे. बसता मला येत नाही.

एका कारागिराने कागदाच्या लगद्याचे थर साच्यावर चढवून मला घडवलं. वर कापूस पसरला आणि त्यावर जाड मांजरपाट ताणून बसवला. एका शिंप्याने मला विकत घेतलं. त्याला दोन मुली होत्या. शाळेतून आल्या की त्या दप्तरं माझ्याशी टेकवून ठेवत आणि मला 'मावशी' म्हणत. पुतळा पुल्लिंगी असतो, हे व्याकरण त्यांच्या गावीही नव्हतं. धाकटी माझ्या खांद्याशी तोंड नेऊन गुपितं सांगायची. थोरली दुकानातल्या चिंध्या माझ्या अंगावर टाचून नवेनवे पोशाख रचायची, चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायची आणि म्हणायची, "मावशी, शोभतंय हं तुला!" असं कौतुक फार थोड्या पुतळ्यांच्या वाट्याला येतं.

पुढे शिंपीदादा गेले. दुकान बंद झालं. थोरलीने हिंमत करून फॅशनचं मासिक काढलं. ती संपादक झाली आणि धाकटी मजकूर लिहू लागली. रंगाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं कार्यालय होतं. तिथे खिडकीपाशी मला जागा मिळाली. शेजारी इस्त्रीचं टेबल, कपडे टांगलेल्या लांब दांड्या, दिव्यांच्या वायरींचं जंजाळ. फोटो काढण्याआधी प्रत्येक पोशाख माझ्या अंगावर नीट बसवला जाई. वर्षानुवर्षं मी नवऱ्या मुलींचे, खेळाडूंचे, नट्यांचे कपडे आधी घातले आणि ते नंतर त्यांनी घातले. मला त्याचा गर्व होता.

मग जाहिराती आटू लागल्या. तेव्हाच एका फरच्या कपड्यांच्या कंपनीचे साहेब आले. गोड बोलणारे, नखं चकचकीत ठेवणारे. थंडीचा सगळा अंक त्यांच्या कंपनीच्या नावाने निघेल, मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांचे कोट झळकतील, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी एक लांब, तपकिरी कोट आला आणि माझ्या अंगावर चढला.

कार्यालयातले सगळे गोळा झाले. जो तो येऊन त्यावरून हात फिरवी आणि "अहाहा!" म्हणे. मला मात्र अत्तराच्या दाट वासाखालून दुसरा एक वास येत होता, शिळ्या चरबीचा. त्यात तो कोट इतका जड, की कुणी तरी पाठीवर लोंबकळतंय असंच वाटत राहिलं.

खांद्यात तो सैल होत होता. थोरली शिंप्याची मुलगी. तिने स्वतःच अस्तर उसवायला घेतलं. धाकटी शेजारी स्टुलावर बसली होती. अस्तर बाजूला झालं आणि आतून निघाली कातडी. एक नव्हे, अनेक. अरुंद, वाळलेली, कागदासारखी कडकडणारी. एकीला दुसरी जोडलेली.

"ताई, ही भोकं कसली गं?" धाकटीने विचारलं. "शिवून बुजवलेली दिसतायत."

"असतील कातड्याचीच."

"पायांची आहेत. बघ ना, दोन इकडे, दोन तिकडे. प्रत्येकीला चार."

थोरलीने अस्तर परत जागेवर ओढलं. मग ती म्हणाली, "तू मापाचं बघ. उगाच खोलात शिरू नकोस."

मित्रांनो, मिंक नावाचा एक छोटा प्राणी असतो. मुंगसाच्या बेताचा, पाण्याकाठी राहणारा, पट्टीचा पोहणारा. त्या कोटासाठी पन्नास-साठ मिंक मारले गेले होते. म्हणजे त्या दिवशी माझ्या अंगावर एक अख्खी वस्ती टांगली होती.

साहेबांना वाटलं, मजकूर रंगतदार व्हावा. त्यांनी धाकटीला आणि फोटोवाल्याला आपली प्राण्यांची शेती बघायला नेलं. 'शेती' हा त्यांचाच शब्द. दुसऱ्या दिवशी धाकटी आली ती थेट माझ्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. थोरली म्हणाली, "काय झालं? बरं नाही का?"

"ताई, पिंजऱ्यांना खाली फळी नाही. नुसती जाळी. घाण खाली पडते आणि तिथेच साचते. डोळे चुरचुरतात वासाने. ती मुकी जनावरं त्या जाळीवर गोल गोल फिरतात नुसती. थांबतच नाहीत. एक तर स्वतःची शेपटी कुरतडत होतं. शेपटी संपत आली होती गं त्याची."

"फोटो काढलेत ना?"

"पुढचा एकच पिंजरा धुऊन ठेवला होता, त्याचे काढले. मी नाक धरलं होतं. ते बघून साहेब हसले. म्हणाले, 'नशीब आपलं, बाई, फोटोला वास नसतो!'"

थोरलीने अंकाची पानं पुढे ओढली. धाकटी म्हणाली, "मी हे लिहिणार नाही."

"जाहिरात गेली तर ही सगळी माणसं घरी बसतील. त्यांच्या बायकापोरांना काय सांगायचं, ते तूच ठरव मग."

"आणि वाचणाऱ्या मुलींना काय सांगायचं? त्या आपल्यावर विश्वास ठेवून विकत घेतात, ताई."

शेवटी मजकूर कंपनीनेच पाठवला आणि तो जसाच्या तसा छापला गेला. 'प्रेमाने वाढवलेल्या प्राण्यांची राजेशाही देणगी.' देणगी! मित्रांनो, देणगी देणारा ती देऊन आपल्या घरी जातो. सोलून निघाल्यावर कुणी घरी जात नाही. मी आयुष्यभर खोटी बटणं पाहिली, खोटे खिसे पाहिले, पण इतकं ओंगळ खोटं कधी पाहिलं नव्हतं. आणि ते गुळगुळीत कागदावर, सोनेरी अक्षरांत!

अंकाचा समारंभ एका मोठ्या दालनात झाला. मधोमध मला उभं केलं होतं, अंगावर तोच कोट. पाहुणे येण्याआधी मला नीटनेटकं करायचं काम धाकटीकडे होतं. तिने अस्तर पूर्ण उसवून काढलं, कोट उलटा केला आणि तसाच माझ्या अंगावर चढवला. फर आत गेली, कातडी बाहेर आली.

पाहुणे आले. सरबताचे पेले फिरले. एक बाई हसत हसत माझ्याकडे आल्या, सवयीने हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "ई! हे काय आहे?"

साहेब धावत आले. "अहो, कुणी तरी कोट उलटा घातलाय!"

"एक बाजू अंकात छापून झाली," धाकटी म्हणाली. "दुसरी राहिली होती."

दालनात कुजबुज सुरू झाली. कुणी जवळ येऊन भोकं पाहिली, कुणी पेला खाली ठेवला. थोरली धाकटीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांदेखत माझी अब्रू घालवलीस."

"ताई, एकदा हात लावून बघ."

थोरलीने हात लावला नाही. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाली.

धाकटी गेली. साहेबही रागावून गेले, पण त्यांची कंपनी गेली तरी दुसरी आली. मला गॅलरीत टाकून दिलं होतं, ते पुढच्या थंडीत पुन्हा आत आणलं आणि गळ्याशी कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर बांधली. मांजरपाटावर केस चिकटले. पुसून निघेनात.

आता मजकूर लिहायला थोरलीच होती. एका दुपारी ती माझ्यासमोर कागद घेऊन बसली. 'मऊ' असं लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग उठली, कॉलरचं अस्तर थोडं उसवलं आणि आत बोट घातलं. बोट चाचपडत गेलं आणि शिवून बुजवलेल्या एका भोकापाशी थांबलं. मग तिने धाकटीला फोन लावला.

"मावशीला घेऊन जा गं," ती म्हणाली. "हिच्या अंगावर हे असलं चढवायला मला नको वाटतं." पलीकडून धाकटी काही तरी बोलली असावी. थोरली म्हणाली, "नाही. ही फर आता माझ्या मासिकातही नको. कंपनीला कळवते आजच."

तिने शब्द पाळला. मासिकाची पानं घटली, दोन माणसं कमी करावी लागली, आणि त्याचं दुःख तिला फार झालं. बहिणींचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. पण सुरू झालं, हे काय थोडं?

मी आता धाकटीच्या घरी असतो. ती मुलींना शिवण शिकवते. त्यांच्या हातातल्या मासिकांत आणि फोनमध्ये मला अजून तसलेच कोट दिसतात. वर हसरे चेहरे, खाली गोडगोड शब्द. माझं सगळं अंग शहारतं.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कपडे जपून वापरा, फाटले तर शिवा, विटले तर रंगवा. माझ्या अंगावरून एक पोशाख उतरला की उद्या दुसरा चढतो. त्या जिवांना जन्माला येताना एकच मिळतो. तो त्यांच्याच अंगावर राहू द्या.