कमी पडेल तेवढं

माझ्या अकलेचा मला तेव्हा फार माज होता, हे आधीच सांगून टाकतो. पासष्ट साली पाऊस गेला, सातपुड्यात मोलगीच्या वरच्या पाड्यांवर ज्वारी कणसात आलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मोहाची फुलंही संपली तेव्हा सरकारी मदतीची ज्वारी आली आणि ती वाटायचं काम शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी कोरीटचा, तापीकाठचा गुजर. केळी-कापसाच्या घरात वाढलेला. उपास मी फक्त एकादशीला केलेला.

पोती थोडी, घरं पंचवीस. वाटायचं कसं, यावर पाड्यात बैठक भरली. म्हातारा खात्या पहिल्यांदा बोलला. डोंगरातली माणसं घरात आपली बोली बोलायची, माझ्याशी मात्र मोडक्या अहिराणीत.

"शिकारमा जो संगे ऊना त्याले वाटा," तो म्हणाला. "त्यानं पोट कोनी दखत नहीं."

म्हणजे माणसागणिक सारखं माप, तान्ह्या पोरालासुद्धा. मला हसू आलं. रायसिंगकडे सहा म्हशी, कोठीत गेल्या सालचा दाणा. त्यालाही तेवढंच आणि ज्याची चूल थंड त्यालाही तेवढंच? मग गरजवंत अर्धपोटीच राहणार, असं मी ठासून सांगितलं. माझा हिशेब सरळ होता. माणसाला पंधरवड्याला इतकं लागतं, घरात इतकं आहे, कमी पडेल तेवढं सरकार भरेल. ज्याच्याकडे आहे त्याला काही नाही. शिकलेल्या माणसापुढे वाद घालायचा नाही, ही त्यांची रीत आमच्या फार सोयीची.

मी घरोघर फिरून कोठ्या तपासल्या. खात्याच्या घरात चार माणसं: तो, मुलगा नवलसिंग, सून फुलवंताबाई आणि तिची सहा महिन्यांची पोर. कुडाच्या कोठीत कंबरेएवढी ज्वारी होती. घरात दाणा आहे का, असं मी विचारलं. फुलवंताबाई 'शे' म्हणाली आणि झाकणही तिनंच काढून दिलं. मी त्यांच्यापुढे शून्य लिहिलं. रायसिंगनं आपला दाणा आदल्या दिवशीच रानात पुरला होता, हे मला नंतर कळलं. दाणा संपला असं सांगून त्यानं रिकामी कोठी दाखवली आणि त्याला भरपूर मिळालं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. खात्याची कोठी तेवढीच भरलेली, बोटभरही उतरली नव्हती. इथे माणसाला शंका यायला हवी होती. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, बघा, यांना गरज नाहीच, दुसरीकडून कुठून तरी खाताहेत. फुलवंताबाईच्या गालांची हाडं वर आली होती, ती मी पाहिली. पण सगळ्याच पाड्याची आली होती. पोर तिच्या छातीशी ओढून ओढून रडत होती. मी पुन्हा शून्य लिहिलं. आजही तो हात तोडून टाकावासा वाटतो.

तिसऱ्या खेपेला पोर नव्हती. आईचं दूध आटलं म्हणून गेली, असं नवलसिंगनं जमिनीकडे बघत सांगितलं. मी चवताळलो. घरात एवढी ज्वारी असून पोर मारलीत, असं काहीबाही ओरडलो आणि ओरडतच कोठीत हात घातला. हात राखेनं भरला. सगळा दाणा राखेत घोळून ठेवलेला होता.

"ते खावानं नहीं," फुलवंताबाई म्हणाली. "बियाणं शे. सगळा पाडानं शे."

पाड्याचं बियाणं राख लावून किडीपासून सांभाळायचं काम खात्याच्या घराकडे होतं. पूजा झाली की पेरणीला प्रत्येक घर त्यातून आपलं नेणार, रायसिंगसुद्धा. त्यातला दाणा शिजवणं म्हणजे पुढच्या साली पंचवीस घरं उपाशी मारणं. महिनाभर ही माणसं रानातले कंद आणि पाला उकडून खात होती. मग मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"तू दखी गया," ती म्हणाली. "आमले वाटनं, तुले समजनं."

तालुक्याहून परवानगी येण्याची वाट न बघता पुढच्या खेपेपासून मी खात्याचं म्हणणं लागू केलं. माणसागणिक सारखं माप, कोठीत डोकावायचं नाही. माप अर्थातच लहान झालं. रायसिंगनंही हसत हसत आपलं नेलं. सोनीबाई नावाच्या एका निराधार म्हातारीला आधी पोटभर मिळायचं; तिनं मला चारचौघांत शिव्या घातल्या आणि तिचं खरंच होतं. तिच्या ताटातलं काढून मी म्हशीवाल्याला वाढत होतो.

फुलवंताबाई रांगेत आली. माझ्या कागदावर तिचं घर अजून चार माणसांचंच होतं. आकडा खोडायला हात धजला नव्हता, आणि खरं सांगायचं तर एक माप जास्त देऊन मला स्वतःला थोडं सोडवायचं होतं. मी चार मापं तिच्या पदरात ओतली. ती दोन पावलं गेली, थांबली आणि परत आली. माझ्या हातातलं माप तिनं घेतलं, पदरातल्या ज्वारीनं काठोकाठ भरलं आणि पोत्यात उलटं केलं.

"आमी आते तीनच शेतस," ती म्हणाली.